क्रिप्टोचं वॉलेट फोनमध्ये घेताय? आधी एवढं तपासून घ्या

माझा आतेभाऊ शिंदखेड्याकडे राहतो. मागच्या दिवाळीआधी त्याने कापूस विकला आणि त्यातले साठ हजार क्रिप्टोत टाकले. वॉलेट त्याने चांगलं घेतलं होतं, नावाजलेलं, काही अडचण नव्हती. मग टेलिग्रामवर एकाने "सपोर्ट टीम" म्हणून मेसेज केला की तुमचं व्हर्जन जुनं झालंय, ही नवीन एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल, टाका, आणि त्या एपीकेने पहिल्याच स्क्रीनवर बारा शब्द मागितले, याने दिले, आणि जेवण उरकून फोन हातात घेतो तर बॅलन्स शून्य. रात्री साडेदहाला मला फोन, "भाऊ, पैसा ग्यात." एवढंच बोलला आणि नंतर बराच वेळ काही बोललाच नाही.

हा माणूस कापसाचा ओलावा मुठीत दाबून सांगतो, काट्यावर अर्धा किलोची चूक होऊ देत नाही. त्याला कोणी मूर्ख म्हटलेलं मला चालणार नाही. त्याला फक्त काय बघायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून धुळे, जळगाव, चोपडा जिथे कुठे कोणी पोरगं विचारतं त्याला मी समोर बसवून दाखवतो, आणि आता तेच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. क्रिप्टो घ्यावं की नाही हा विषय इथे नाही, तो तुमचा तुम्ही ठरवा. घ्यायचंच ठरलं असेल तर वॉलेट नीट पारखून घ्या, एवढ्यासाठी हे.

आधी वॉलेट म्हणजे काय ते समजून घ्या

नावामुळे घोळ होतो. वॉलेट म्हटलं की पाकीट वाटतं, आणि पाकिटात पैसे असतात. इथे तसं नाही. आपण शेत घरात आणून ठेवत नाही ना, सातबाऱ्यावर नाव असतं, तसं तुमचं बिटकॉइन किंवा यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) ही ब्लॉकचेन नावाच्या वहीतली नोंद आहे आणि ती वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली असते. वॉलेट ॲपचं काम फक्त सही करायचं. "माझ्या नावावरचं एवढं त्याच्या नावावर करा" या हुकमावरची सही. ही सही ज्या चावीने होते ती प्रायव्हेट की, आणि ती की ज्या १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांतून निघते त्यांना सीड फ्रेज म्हणतात.

हे शब्द ज्याच्या हातात त्याची सही चालते. अंगठा नाही, ओटीपी नाही, आधार नाही, आणि खातं गोठवायला बँकेचा मॅनेजरही नाही. म्हणून कुठलंही वॉलेट समोर आलं की मी तीनच गोष्टी विचारतो: हे शब्द बनतात कुठे, राहतात कुठे, आणि माझ्याशिवाय ते कोणाला दिसू शकतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधायच्या आहेत.

पायरी १: चावी तुमच्याकडे आहे की कंपनीकडे

ॲप उघडल्यावर मोबाईल नंबर, ओटीपी, पॅन, सेल्फी एवढं मागितलं आणि शब्द काही दाखवलेच नाहीत, तर बहुतेक ते एक्सचेंजचं, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीचं खातं आहे, चावी कंपनीकडे. याला कस्टोडियल म्हणतात. खरेदी-विक्रीसाठी ते लागतंच, त्यात गैर काही नाही, पण मग तुमची सेफ्टी म्हणजे त्या कंपनीची सेफ्टी. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचं क्रिप्टो चोरीला गेलं, पैसे काढणं बंद झालं, आणि ज्यांची स्वतःची काहीच चूक नव्हती ते लोक वर्षाहून जास्त काळ लटकून राहिले.

दुसरा प्रकार नॉन-कस्टोडियल, शब्द तुम्हाला मिळतात आणि कंपनीकडे ते नसतात. मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, इलेक्ट्रम, ब्लूवॉलेट ही सगळी या प्रकारातली. पुढचं सगळं यांच्याबद्दलच आहे.

आजकाल एक मधला प्रकारही निघालाय, नुसत्या ईमेलने लॉगिन करा, शब्द लिहायची कटकट नाही. त्यात चावीचे तुकडे करून काही तुमच्या फोनवर आणि काही कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. टेक्निक खोटं नाही. पण ती कंपनी उद्या बंद पडली तर पैसे बाहेर कसे काढायचे हे त्यांनी लिहून ठेवलंय का ते आधी बघा, नसेल लिहिलं तर नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

पायरी २: ॲप आलं कुठून

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त पैसे इथे गेलेत. वॉलेट चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा, हातात आलेलं ॲप खरोखर तेच आहे का हा आधीचा.

लोक म्हणतात प्ले स्टोअरवरून घेतलं म्हणजे सेफ. तसं नाही हो. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुगल प्लेवर मेटामास्कच्या नावाचं नकली ॲप सापडलं, आणि गंमत नाही, चिंतेची गोष्ट ही की तेव्हा मेटामास्कचं मोबाईल ॲपच निघालेलं नव्हतं, ते फक्त ब्राउझरमध्ये चालायचं. २०२१ मध्ये ॲपलच्या स्टोअरवरचं ट्रेझरच्या (ही आणि लेजर, दोन्ही चावी वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवणारी हार्डवेअर वॉलेट) नावाचं नकली ॲप उतरवून एका माणसाचे १७ बिटकॉइन गेले. २०२३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजरच्या नावाने तसंच झालं. तीन मोठ्या कंपन्यांची तीन दुकानं, तिन्हीत नकली माल शिरला. म्हणून उलट्या बाजूने जायचं: आधी त्या वॉलेटची अधिकृत वेबसाइट, आणि तिथल्या डाउनलोडच्या बटणावरूनच स्टोअरमध्ये.

वेबसाइट गुगलवर शोधताना वरती जे "प्रायोजित" लिहिलेलं येतं त्यावर बोट ठेवू नका, चोर पैसे देऊन तिथे जाहिरात लावतात. पत्ता अक्षर-अक्षर वाचा. एखाद्या अक्षराच्या जागी तसाच दिसणारा आकडा घातलेला असतो, घाईत कळत नाही.

स्टोअरमध्ये पोचलात की डेव्हलपरचं नाव बघा, ते वेबसाइटवरच्या नावाशी जुळतंय का, ॲप कधीपासून आहे, शेवटचं अपडेट कधीचं. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडून द्या, ते विकत मिळतात. एक आणि दोन स्टारवाले वाचा. "माझे पैसे आपोआप गेले", "शब्द टाकले आणि रिकामं झालं" असं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या तारखांना लिहिलं असेल तर तिथेच थांबायचं.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली एपीके कधीच टाकायची नाही. सख्ख्या भावाने पाठवली तरी नाही, कारण त्याचा फोन कोणाच्या ताब्यात आहे ते आपल्याला माहीत नसतं.

कॉम्प्युटरवर इलेक्ट्रम किंवा स्पॅरोसारखं वॉलेट घेणार असाल तर एक काम जास्तीचं आहे. उतरवलेल्या फाइलचा हॅश काढायचा, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, आणि तो वेबसाइटवर दिलेल्या ठशाशी जुळवायचा. विंडोजमध्ये यासाठी सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. अजून पक्कं हवं असेल तर डेव्हलपरची डिजिटल सही तपासायची, ती शिकायला एक संध्याकाळ जाते पण जाऊ द्या. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वापरणाऱ्यांना वॉलेटच्या आतच मेसेज यायला लागले की अपडेट करा, लिंक गिटहबच्या (प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट) नकली पानाची, आणि ज्यांनी सही न बघता टाकलं त्यांचे मिळून दोनशेच्या वर बिटकॉइन गेले. सही तपासणारा त्यात सापडला नसता.

पायरी ३: शब्द बनताना बघा

ॲप उतरवलं की उघडायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय पण बंद. मग "नवीन वॉलेट" दाबा. शब्द बनवायला इंटरनेट लागत नाही, ते गणित फोनमध्येच होतं. नेट बंद असताना शब्द बनले तर चांगली खूण. नाही बनले म्हणजे लगेच चोर असं नाही, काही ॲपना स्क्रीन दाखवायलाच नेट लागतं, पण मग पुढच्या पायऱ्या जास्त कडक लावायच्या.

आता शब्द बघा. १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द असले पाहिजेत. बहुतेक वॉलेट बीआयपी ३९ नावाचं स्टँडर्ड वापरतात, त्यात २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे आणि प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी, म्हणजे चार अक्षरं नीट वाचता आली तरी शब्द ओळखता येतो. स्टँडर्डचा मोठा फायदा हा की उद्या हे ॲप बंद पडलं तरी तेच शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकून पैसे काढता येतात. इलेक्ट्रमची शब्दांची पद्धत थोडी स्वतःची आहे पण ती उघडपणे लिहिलेली आहे, अडत नाही. जे वॉलेट शब्दच देत नाही, किंवा दिलेले शब्द दुसरीकडे कुठेच चालत नाहीत, तिथे तुम्ही बांधले गेलात.

ॲप काढून दोन-तीन वेळा नवीन वॉलेट बनवून बघा, दरवेळी वेगळे शब्द आले पाहिजेत. तेच शब्द परत आले, किंवा कोणी तुम्हाला कार्डावर छापलेले तयार शब्द दिले, तर ते वॉलेट आधीच दुसऱ्याच्या मालकीचं आहे असं समजा.

पण डोळ्याने सगळं दिसत नाही हेही सांगतो, कारण खोटा धीर द्यायचा नाही मला. बारा शब्दांच्या शक्यता इतक्या की ती संख्या ३९ आकडी होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या ब्राउझरला जोडायच्या वॉलेटमध्ये, आकडे पाडायच्या कोडमध्ये चूक राहिली आणि शक्यता उरल्या फक्त चारशे एकोणतीस कोटी. ऐकायला जास्त वाटतात पण कॉम्प्युटरला त्या एकेक करून तपासणं काहीच नाही. शब्द दिसायला अगदी नॉर्मल, वेगवेगळे, कोणालाही कळलं नसतं. तेव्हा काही लोकांचे मिळून दीड लाख डॉलरच्या वर गेले, कंपनीने ते भरून दिले. अशी चूक तुम्ही-आम्ही पकडू शकत नाही, ती कोड वाचणारे पकडतात, म्हणून पुढची पायरी.

पायरी ४: कोड उघडा आहे का, आणि कोणी वाचलाय का

जळगावच्या सराफ बाजारात चकाकी बघून सोनं कोणी घेत नाही. हॉलमार्क बघतो, सहा अक्षरी एचयूआयडी बघतो, पटलं नाही तर बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून बघतो. वॉलेटला असा सरकारी शिक्का नाही. कोणी म्हणेल आमची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे, तर ती नोंदणी काळा पैसा रोखायच्या कायद्यासाठी एक्सचेंजसारख्या कंपन्यांना करावी लागते, ॲपचा कोड कोणी तपासला असा तिचा अर्थ होत नाही. इथे शिक्क्याच्या जागी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ओपन सोर्स. कोड गिटहबवर सगळ्यांसमोर ठेवलेला. तुम्हाला वाचता येत नसेल, मलाही सगळा येत नाही, पण पानावर एवढं तरी दिसतं की शेवटचा बदल कधी झाला, किती माणसं काम करतात, लोकांनी तक्रारी टाकल्या तर उत्तर मिळतं का. दोन वर्षं हात न लागलेला कोड असेल तर मी ते वॉलेट घेत नाही.

दुसरी गोष्ट थोडी बारीक आहे. कोड उघडा आहे हे ठीक, पण स्टोअरवरचं ॲप त्याच कोडपासून बनलंय कशावरून? दुकानात दाखवायला एक दाणा आणि पोत्यात दुसरा असं होऊ शकतं. यासाठी रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात ती पद्धत आहे, म्हणजे तोच कोड घेऊन दुसऱ्या कोणी ॲप बनवलं तर जसंच्या तसं बनलं पाहिजे. वॉलेटस्क्रूटिनी नावाची साइट हेच काम करते, तिथे वॉलेटचं नाव टाकलं की तपासलंय का आणि जुळलं का ते कळतं. मी कुठलंही नवीन नाव ऐकलं की आधी तिथे जातो.

तिसरी, ऑडिट, म्हणजे बाहेरच्या जाणकारांनी केलेली कोडची तपासणी. नुसतं "ऑडिटेड" लिहिलेलं पुरत नाही. कोणी केलं, कुठल्या साली, कुठल्या भागाचं, आणि रिपोर्ट वाचायला मिळतो का. ॲटॉमिक वॉलेटचं उदाहरण लक्षात ठेवा, ऑडिट करणाऱ्या कंपनीने २०२२ मध्येच उघड इशारा दिला होता की इथे लोकांचे पैसे धोक्यात आहेत, आणि जून २०२३ मध्ये लोकांचे साडेतीन कोटी डॉलरच्या वर गेले. इशारा सगळ्यांना वाचता येईल असा होता.

आणि स्लोप नावाचं वॉलेट. हे नाव सोलाना नावाची ब्लॉकचेन वापरणाऱ्यांना माहीत असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये हजारो वॉलेट एका झटक्यात रिकामी झाली, शोधल्यावर कळलं की स्लोपचं मोबाईल ॲप एरर नोंदवायच्या सर्व्हरवर लोकांचे सीड शब्दसुद्धा साध्या अक्षरात पाठवत होतं. चोरीसाठी तसं बनवलं होतं असं दिसत नाही, निष्काळजीपणा. पण ज्याचा पैसा गेला त्याला त्याचा काय उपयोग. लोक मला विचारतात की एवढं खोलात कशाला जायचं, तर यासाठी.

वॉलेट किती जुनं आहे तेही बघा. इलेक्ट्रम २०११ पासून आहे, मेटामास्क २०१६ पासून. जुनं म्हणजे शंभर टक्के सेफ असं अजिबात नाही, ट्रस्ट वॉलेटच्या क्रोम एक्स्टेन्शनचं २.६८ नंबरचं अपडेटच डिसेंबर २०२५ मध्ये बिघडवलेलं निघालं आणि सत्तर लाख डॉलरच्या आसपास गेले. पण जुन्या नावाला काही झालं तर निदान बातमी होते, कारण कळतं, कोणीतरी जबाबदार उभा राहतो. काल निघालेलं ॲप उद्या गायब झालं तर विचारायचं कोणाला. ब्राउझर एक्स्टेन्शनपेक्षा नवीन माणसाने मोबाईल ॲपपासून सुरुवात करावी, आणि अपडेट आल्या मिनिटाला टाकायची घाई नको, एखाद-दोन दिवस थांबून त्यांच्या अधिकृत पानावर नजर टाकून मग टाकावं असं मला वाटतं. सिक्युरिटीची चूक दुरुस्त केलीय असं त्यांनीच सांगितलं तर मात्र लगेच.

पायरी ५: परवानग्या आणि तुमचा फोन

क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा लागतो, ठीक. पण वॉलेटला तुमचे एसएमएस, कॉन्टॅक्ट, कॉल कशाला? आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर तिथल्या तिथे काढून टाका, ती दिली की ॲप तुमची पूर्ण स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं.

गॅलरीचं वेगळं सांगतो. २०२५ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस शोधला, तो साध्या दिसणाऱ्या ॲपमधून यायचा, गॅलरीची परवानगी घ्यायचा आणि फोटोंमधला मजकूर वाचून सीड शब्दांचे स्क्रीनशॉट शोधायचा. गुगल आणि ॲपल दोघांच्या स्टोअरवर तशी ॲप होती. म्हणून शब्दांचा स्क्रीनशॉट नाही, फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज नाही, गुगल ड्राइव्ह नाही.

ज्या फोनला दोन-तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट नाही, ज्यात क्रॅक केलेले गेम आहेत किंवा एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवायचं ॲप पडलंय, त्यात जगातलं सगळ्यात चांगलं वॉलेट टाकून काही होणार नाही.

पायरी ६: रंगीत तालीम

सगळं पटलं तरी लगेच पैसे टाकायचे नाहीत. आधी तालीम. ही पायरी मी कोणालाच सोडू देत नाही, एक तास जातो, पण नंतरची झोप शांत लागते.

नवीन वॉलेट बनवा, शब्द वहीत नंबर घालून लिहा, दोनदा वाचून जुळवा. मग अगदी थोडी रक्कम पाठवा, पाचशे रुपयांची किंवा तुमच्या एक्सचेंजवर जेवढं कमीत कमी काढता येतं तेवढी. नेटवर्क, म्हणजे कुठल्या ब्लॉकचेनवरून पाठवताय ते, दोन्हीकडे एकच आहे ना ते नक्की बघा, यूएसडीटी ट्रॉनवर वेगळं आणि इथेरियमवर वेगळं, चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं तर परत मिळवणं अवघड होऊन बसतं. इथेरियमची गॅस फी, म्हणजे व्यवहार नोंदवायचा खर्च, कधी कधी तुमच्या पाचशेपेक्षा जास्त निघते, म्हणून तालमीला स्वस्त नेटवर्क घ्या, आणि फी त्या नेटवर्कच्याच कॉइनमध्ये लागते, ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर ईटीएच, तेवढं सोबत ठेवा.

पैसे आले की तुमचा पत्ता वहीत लिहून ठेवा आणि आता ॲप काढून टाका. हो, पैसे असतानाच. इथे सगळ्यांचा हात थांबतो. पण खरी परीक्षा हीच आहे, फोन उद्या एसटीत हरवला किंवा विहिरीत पडला तर काय होणार ते आज पाचशे रुपयांत कळतं. ॲप परत त्याच अधिकृत वाटेने घ्या, "रिस्टोर" दाबा, वहीतले शब्द टाका. तोच पत्ता आणि तीच रक्कम दिसली तर तुमची वही बरोबर आहे. मग तेच शब्द दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या वॉलेटमध्ये टाकून बघा, तिथेही उघडलं म्हणजे बाहेर पडायची वाट मोकळी आहे. शेवटी पैसे परत एक्सचेंजवर पाठवा. पैसे आत घेणारी वॉलेट पुष्कळ, ते बाहेर न जाऊ देणारं पकडलं जातं ते इथेच, "पैसे काढायला आधी टॅक्स भरा" किंवा "ॲक्टिव्हेशन फी भरा" म्हणाले की ते वॉलेट नाही, फसवणूक आहे. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, पण टीडीएस एक्सचेंज विक्रीच्या वेळी कापतं आणि टॅक्स तुम्ही रिटर्नमध्ये भरता, वॉलेट ॲपला टॅक्स भरायचा प्रकार नसतोच.

तालीम झाली की या शब्दांना सोडा. ते दोन ॲपमध्ये टाकून झालेत. खऱ्या पैशांसाठी पुन्हा नवीन वॉलेट, नवीन शब्द, आणि ते फक्त एकाच ठिकाणी.

शब्द ठेवायचे कुठे

अमळनेरच्या लोकांना हे पटकन कळतं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये तिथे झाली आणि गावातल्या कितीतरी घरांनी तिचे कागदी शेअर वर्षानुवर्षं जपून ठेवले. पण शेअरचा कागद वाळवीने खाल्ला तर अर्ज, ॲफिडेव्हिट करून डुप्लिकेट निघायचा. शब्दांचा डुप्लिकेट जगात कोणीच काढून देऊ शकत नाही.

दोन कागद, दोन घरांत, एक तुमच्याकडे आणि एक ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास आहे त्याच्या कपाटात. बॉलपेनने लिहा, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय होतं आणि पावसाळ्यात कागदाचं काय होतं ते सांगायला नको. अजून पक्कं करायचं तर स्टीलची जाड पट्टी घ्या आणि भांड्यांवर नाव टाकायचं मशीन असतं ना, ते तासाभरासाठी मागून आणा आणि स्वतःच्या हाताने शब्द कोरा. दुकानदाराला कोरायला द्यायचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. आतेभावाने तशीच पट्टी केलीय, नवीन वॉलेटची.

घरात एका माणसाला ती जागा माहीत पाहिजे. नुसती जागा. नाहीतर तुमच्यानंतर ते पैसे कोणाचेच नाहीत.

आणि रकमेबद्दल माझं मत: सॉफ्टवेअर वॉलेट नेटला जोडलेल्या फोनवर चालतं, तेव्हा एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त त्यात ठेवू नका. त्याच्या वर गेलं तर हार्डवेअर वॉलेट घ्या, कंपनीकडूनच नवीन, सेकंडहँड नाही.

वापरायला लागल्यावर

पत्ता कॉपी-पेस्ट केला की सुरुवात, मधला भाग आणि शेवट तिन्ही जुळवा. काही व्हायरस कॉपी केलेला पत्ता बदलतात, आणि चोर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवून तुमच्या हिस्टरीत शून्य रकमेची नोंद टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तोच उचलाल. हिस्टरीतून पत्ता उचलायचाच नाही.

न मागता वॉलेटमध्ये आलेल्या टोकनला, म्हणजे अनोळखी कॉइनला, हात लावू नका. कुठल्या साइटवर वॉलेट जोडलं आणि "अप्रूव्ह" आलं तर थांबून वाचा, ती त्या साइटला तुमचं टोकन काढायची दिलेली परवानगी असते, आणि बऱ्याचदा ती अमर्याद असते. दिलेल्या परवानग्या रिव्होक डॉट कॅशवर जाऊन बघता आणि काढता येतात, महिन्यातून एकदा बघत जा.

अजून एक, हा आपल्याकडच्या पोरांना फार भुलवतो. कोणीतरी कमेंटमध्ये "मला जमत नाही, मदत करा" म्हणून स्वतःचे बारा शब्दच टाकतो, वॉलेट उघडलं तर आत खरंच हजारो यूएसडीटी दिसतात, फक्त फीसाठी थोडे टीआरएक्स नसतात. तुम्ही फीचे टीआरएक्स टाकले की ते उडतात, कारण त्या वॉलेटला दुसऱ्याची सही लावून ठेवलेली असते, यूएसडीटी त्या शब्दांनी हलतच नाहीत. आणि हलले असते तरी ते दुसऱ्याचे पैसे आहेत.

आणि गेलेच तर

एक मिनिट घालवू नका. काही शिल्लक असेल तर दुसऱ्या स्वच्छ फोनवर नवीन वॉलेट, नवीन शब्द, आणि सगळं तिकडे हलवा, जुन्या वॉलेटचा पासवर्ड बदलून काही होत नाही. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, ट्रान्झॅक्शनचा हॅश (त्या व्यवहाराचा नंबर), चोराच्या वॉलेटचा पत्ता, चॅट सगळं जपून द्या. ब्लॉकचेनवर गेलेला व्यवहार उलटा फिरवता येत नाही, पण यूपीआयने कोणाला पैसे गेले असतील तर लवकर तक्रार केल्यावर ते बँकेत अडवता येऊ शकतात, आणि चोराने ते क्रिप्टो एखाद्या एक्सचेंजवर नेलं तर पोलिसांमार्फत तिथेही थांबवायचा प्रयत्न होऊ शकतो.

तक्रार टाकल्यावर दोन-चार दिवसांत "आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो" असे मेसेज येतील. आतेभावाला तीन आले, एकाने तर वकिलाचं लेटरहेड पाठवलं आणि पंधरा हजार ॲडव्हान्स मागितला. त्याने मला विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्याने ते तिन्ही नंबर तक्रारीत जोडून दिले.